काळजी घेणारा प्रणव

ड्रिल एकदम बंद पडलं. स्टुलावरून वळून पाहिलं, तर एक अनोळखी मुलगा हातात प्लग धरून उभा!

"मॅडम, पहले दुपट्टा हटाइए."

"काय?" मी मराठीतच किंचाळले.

"अच्छा... मराठी?" तो गडबडला. "म्हणजे—ओढणी बाजूला ठेवा. ड्रिलमध्ये गुंडाळली तर गळ्याला फास बसेल. आणि हे लोकरीचे हातमोजेही काढा. धागा अडकला की बोट पिरगळतं."

"अजून काय काय काढू?"

त्याचे कान लालबुंद झाले. मी तिथेच पाघळले.

तो वरच्या मजल्यावरचा प्रणव. त्याचे वडील, लक्ष्मीकांतकाका, एअरफोर्समधून निवृत्त होऊन इकडे उत्तरेत, तेलीबागेतच राहिलेले. आम्ही बाबांच्या बदलीमुळे नुकतेच आलो होतो. मला बुद्धाची तसबीर टांगायची होती, आणि मी नेमकी काँक्रीटच्या बीमला भिडले होते. आवाज ऐकून तो धावत खाली आला होता. त्यानं मला संरक्षक चष्मा लावला, केस बांधायला लावले, माझ्या हातांवर हात ठेवले.

"दाबायचं नाही. भिंत कडक लागली की माणूस जोर लावतो, मग बिट अडकतं आणि मनगट मुरगळतं. अडकलंच, तर आधी बटण सोडायचं."

त्याच्या शर्टाला उन्हात वाळलेल्या कपड्यांचा वास येत होता... मला कसलं बटण सुचतंय!

मग घरात टांगायच्या वस्तू वाढल्या. आरसा, खुंट्या, कुणालाच नको असलेलं कॅलेंडर. भिंतीची चाळण झाली. आई म्हणाली, "प्राची, आता मलाच टांगायची राहिलीस."

घड्याळ टांगायच्या वेळी मात्र त्यानं ड्रिल हातात घेतलं आणि चालूच केलं नाही.

"यार प्राची... तू मला आवडतेस."

"चष्मा काढून सांग."

त्यानं काढला, आणि पुन्हा सांगितलं. मी खुळ्यासारखी हसत राहिले.

नागपूरचं एक स्थळ बाबांनी धरून ठेवलं होतं. रविवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. "मी त्याआधी घरी बोलतो," प्रणव म्हणाला. रविवारी सकाळी तो दारात आला, तेव्हा त्याचा चेहराच सगळं सांगत होता.

"आई म्हणाली, मैत्री ठीक आहे... पण सोयरीक नाही."

"का?"

त्यानं भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं.

"ती तूच टांगलीस, प्रणव. तेव्हा नव्हती दिसली जात?"

"माझं काही नाही गं. आईला..."

"मग तू काय म्हणालास आईला?"

"काही नाही. बीपी वाढतं तिचं. थोडं थांबू या ना, हाँ?"

असा संताप आला! माझ्या गळ्याची, बोटांची, डोळ्यांची काळजी करणाऱ्या या माणसाला माझ्यासाठी एक वाक्य बोलता आलं नव्हतं.

"थांबायला माझ्याकडे आजचाच दिवस आहे," मी म्हणाले.

तो जिन्यापर्यंत गेला, आणि थबकला. माझा जीव कानांत गोळा झाला... आता म्हणेल, आता—

"स्वयंपाकघरातल्या टाइलला भोक पाडायचं राहिलंय. ते एकटीनं करू नकोस. कपची डोळ्यात उडते. कुणाला तरी बोलाव."

दुपारी मी बाबांना सांगितलं, नागपूरला हो कळवा. सांगतानाही माझं लक्ष जिन्याकडेच होतं.