अकरा नंबरची जागा

त्याने दार ढकललं ते चुकीचं. पेटंटच्या वकीलबाईंची खोली डावीकडे, आणि हा शिरला उजवीकडे. तिथे ती बसली होती, पेन्सिल दातांत धरून. ऑफिसात तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणत, थोडं लाडाने, थोडं धाकाने.

त्याच्या हातात कागदांचा थोरला गठ्ठा होता आणि नखांत माती.

"ही घ्या, माझ्या जंतूची कुळकथा," असं म्हणत त्याने गठ्ठा थेट तिच्या टेबलावर ठेवला.

तिने पान उलटलं. ए, सी, जी, टी... ए, सी, जी, टी... मोठाली ठळक अक्षरं, दर दहा अक्षरांनंतर मोकळी जागा, वर लाल-निळी रंगरंगोटी.

"कागद चालत नाहीत. फाईल लागते," ती म्हणाली. "अक्षरं सगळी स्मॉल. मध्ये जागा सोडायची नाही. ठळक नको, रंग तर मुळीच नको."

"एवढा नटवून आणला हो त्याला!"

"पेटंटला नटवून चालत नाही."

गढूळ पाण्यातला रंग खाऊन टाकणारा एक जंतू त्याला ओढ्याकाठच्या मातीत सापडला होता. त्याच्या जनुकांच्या साखळ्या, म्हणजे ही अक्षरंच, पेटंटच्या अर्जाला वेगळ्या यादीत, ठरलेल्या साच्यात जोडाव्या लागतात. तशा याद्या करणं हेच तिचं काम.

"आणि दहापेक्षा कमी अक्षरांची साखळी यादीत घेत नाहीत," तिने बजावलं.

"नऊच असली तर?"

"तिला जागा नाही."

"बिचारी! मग ती राहते कुठे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ती जराशी अडखळली... "ज्याची असेल त्याच्याजवळ राहते," म्हणाली, आणि उगाचच पेन्सिलला टोक काढू लागली. टोक आधीच होतं.

तिची एक रीत होती. कॉम्प्युटर यादी तपासतो, पण तो नुसता साचा बघतो. बरोबर अक्षरं चुकीच्या नंबरावर बसली तर त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून समोरासमोर बसून दोघांनी वाचायचं, एकाने अर्जातलं, दुसऱ्याने यादीतलं. तिच्या समोरची बाई वर्षापूर्वी बदलून गेली आणि ती खुर्ची तशीच राहिली होती.

आता त्या खुर्चीवर तो बसू लागला. रोज चार वाजता.

"टी-टी-ए, जी-सी-ए..." तिचा आवाज झोक्यासारखा जाई.

"टी-टी-ए, जी-सी-ए..." त्याचा झोका परत येई. मध्येच तो थांबे. तिने मान वर केली की म्हणे, "काही नाही. तुम्ही बघता की नाही, ते बघत होतो."

"खाली बघा. साखळी तुटेल."

"जुळतेय की!"

घरी वहिनीच्या कानांतून काही सुटत नसे. "काय गं, भाजी चिरतानाही जी-जी, टी-टी? नाव तरी सांग."

"कुणाचं? जंतूचं?"

"जंतूच्या मालकाचं!"

नाव सांगून काय करायचं होतं? तो जाणारा होता. दूरच्या एका प्रयोगशाळेत वर्षभरासाठी, शनिवारी सकाळी. त्याने दुसऱ्याच दिवशी सहज सांगून टाकलं होतं आणि तिनेही सहजच ऐकल्यासारखं केलं होतं. पण तेव्हापासून साखळ्या मोजता मोजता ती दिवसही मोजत होती. शुक्रवारी पाचला यादी गेली की त्याला या चुकीच्या दाराने यायचं कारणच उरणार नव्हतं. काही बोलायचं तर त्याच्या आत. आणि बोलणार काय? तिला तर नियम सोडून काही बोलता येत नसे.

शुक्रवारी तो दुपारीच आला, खुशीत. त्याच्या सरांनी अकराव्या साखळीत खोट निघाली म्हणून ती ऐनवेळी मागे घेतली होती. "तुमचे कष्ट वाचवले. मीच काढून टाकली. बारावी अकराव्या जागी, तेरावी बाराव्या, असं पार शेवटपर्यंत सरकवलं. भोक दिसतसुद्धा नाही!"

कॉम्प्युटरनेही यादी बिनतक्रार पास केली. तरी रीत ती रीत. दोघं बसली.

"दावा तिसरा," तिने अर्जातून वाचलं. "साखळी एकोणीस. टी-जी-ए..."

"माझ्याकडे ए-ए-सी..." त्याचा चेहरा उतरला. "थांबा. म्हणजे आपण भलत्याच साखळीवर हक्क सांगत होतो?"

"अकराच्या पुढे प्रत्येक ठिकाणी. अर्जात नंबर जुनेच आहेत ना!"

"मी घाण करून ठेवली."

"दोन तास आहेत. बारावीला परत बारावर न्या."

"आणि अकरावर?"

"अकरा तसाच. आत अक्षरांऐवजी तीन शून्यं. काढलेल्याची जागा ठेवायची असते. मागच्यांनी पुढे सरकायचं नाही."

"रिकामा नंबर मोजतं कोण?"

"सगळे. एकूण लिहिताना तोही धरतात. तीस होत्या, तीसच राहणार."

त्याने त्या तीन शून्यांवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाला, "मला वाटायचं, जाणाऱ्याची जागा भरून निघालेलीच बरी. मागच्यांना टोचत नाही..."

तिच्या हातातली पेन्सिल थांबली. तो साखळीबद्दल बोलत नव्हता.

"मला टोचलेली चालेल," ती म्हणाली. शब्द सरळ रेषेत आले. "या खुर्चीवर मी कुणाला सरकवणार नाही. वर्ष तर वर्ष."

दोघांनी तीसच्या तीस पुन्हा वाचल्या. त्याचे कान मात्र शेवटपर्यंत लाल होते. पाचला वीस मिनिटं असताना यादी गेली, पोच आली. वकीलबाईंनी दारातून मान हलवली आणि दोघांकडे एकेकदा बघून दार ओढून घेतलं.

निघताना त्याने तिची पेन्सिल मागितली, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, घडी घालून तिच्या मुठीत दिली.

"ही यादीत घेऊ नकोस हं. अक्षरं दहापेक्षा कमी आहेत."

'नकोस' म्हणाला... आणि जिना उतरूनही गेला. तिने घडी उघडली.

*मी परत येईन.*

मोजपट्टीच ती. बोटांवर मोजलं. सात. यादीत जागा नाही. तिने चिठ्ठी ओढणीच्या टोकात बांधली आणि घरी जाऊन वहिनीला, न विचारताच, नाव सांगितलं.

सोमवारी शेजारच्या खोलीतली टायपिस्ट खुर्ची न्यायला आली. "ही रिकामीच आहे ना?"

"आहे," ती हसली. "पण मोजलेली आहे. तू दुसरी घे."