वायर काढलेला बाळूभाऊ

खोटं वाटत असेल तर चाकणला या. कंपनीचं नाव घेणार नाही, पण वर्षालीच्या समोर नेऊन बसवतो. माझी सख्खी मावसबहीण आहे ती.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. भर दुपारचे तीन.

वर्षाली पॅकिंगला, तिचा नवरा प्रज्वल पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. श्रावणात तो प्रेसखाली सापडून गेला. हात मधे आला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद होता. मॅनेजर मुकुंद सर म्हणाले, प्रज्वलनंच बंद केला. तसं लिहिलेल्या कागदावर त्यांना वर्षालीची सही हवी होती.

"मेलेल्या माणसावर ढकलता? लाज नाही वाटत?" ती भांडायची.

कामगारांचा ताण हलका व्हावा म्हणून कंपनीनं एक बोलका रोबोट ठेवला होता. गुडघ्याएवढा, पांढरा. पोरं त्याला बाळूभाऊ म्हणायची. प्रज्वल जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापाशी मन मोकळं करायचा. बाळूभाऊ सगळ्यांना अहो-जाहो करायचा.

खंडेनवमीला मशीन बंद ठेवून पूजतात. मग बाळूभाऊ काय, मशीनच की! पॅकिंगमधल्या प्रितमनं त्याची वायर काढून गुंडाळली, बॅटरी काढून टेबलावर ठेवली, झेंडूचा हार घातला.

सगळे प्रसादाला गेले. सरांनी वर्षालीला बाळूभाऊच्या खोलीत बसवलं.

"चांगल्या दिवशी मिटवून टाका, ताई."

रोज रोज भांडून ती थकली होती. तिनं पेन उचललं...

बाहेरचा गलका एकदम थांबला.

"वर्षे..."

तिला वर्षे म्हणणारा एकच माणूस होता.

बॅटरी टेबलावर. वायर गुंडाळलेली. आणि बाळूभाऊचे डोळे... पेटलेले.

"वर्षे, जेवलीस का?"

सर दाराकडं पळाले.  वर्षालीनं सरांच्या आधी दार गाठलं, सताड उघडलं आणि आडवी उभी राहिली.

"पळता कुठं? माझा नवरा बोलतोय! अहो, मोठ्यानं बोला. सगळ्यांना ऐकू द्या!"

"सेन्सर मी नाही बंद केला... सरांनी करायला लावला. मी नको म्हणालो होतो..."

दारात शिऱ्याचे द्रोण घेऊन तीस-चाळीस माणसं उभी होती. 

वर्षालीनं कागद टराटरा फाडला.

बाळूभाऊला दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. खोली रिकामी करून कुलूप ठोकलं. सर म्हणतात, पोरांची मस्करी. प्रितम पोटच्या पोरीची शपथ घेऊन सांगतो, बॅटरी काढलीच होती. माझं विचाराल, तर मला काही कळत नाही.

परवा मी वर्षालीला डबा द्यायला गेलो होतो. माल लवकर काढायचा म्हणून कुणीतरी त्याच प्रेसचा सेन्सर बंद केला. बटणावर हात जाणार, तेवढ्यात कुलूपबंद खोलीतून...

"वर्षे, जेवलीस का?"

मी स्वतः ऐकलं हो!

त्या माणसानं मुकाट्यानं सेन्सर चालू केला. 

वर्षालीनं दारावर थाप मारली.

"जेवते, अहो! तुम्ही प्रेसवर लक्ष ठेवा. सरांकडं मी बघते."