कुमारिकेच्या मोजडीची जागा

ओनेर्वाने यालमारीला होकार दिला. पण असं काही झालंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ. उत्तर फिनलंडात सभ्य माणसं असंच करतात.

तर, ओनेर्वा रानात शिरली आणि थबकली. एक उंच तरुण झाडांना लाल फिती बांधत होता.

"ओ, काय चाललंय?"

"तोडणीच्या खुणा. सोमवारी यंत्र येईल," यालमारी म्हणाला. "काही दुर्मीळ असेल तर दाखवा. डोळ्यांनी पाहिलं की निळी फीत बांधतो, मग तोड नाही."

होतं ना! पडक्या खोडापलीकडे, शेवाळात, कुमारिकेची मोजडी फुलली होती... बोटभर देठावर एकेक गुलाबी जोडा. पण इथली माणसं एकवेळ सॉनामध्ये, त्या गरम वाफेच्या खोलीत, अंगावरचं सगळं उतरवतील, फुलाची नि बेरीची जागा सांगणार नाहीत. ओनेर्वाच्या काकाने काकूला बेरीची जागा दाखवली, ती थोरला मुलगा शाळेत जायला लागल्यावर.

"आहे," ती म्हणाली. "पण दाखवणार नाही. आम्ही फक्त घरच्यांना दाखवतो."

"मग फूल जाईल."

"जाऊ देणार नाही."

तिच्या आवाजात इतका विश्वास होता की यालमारीच नर्व्हस झाला. त्याच्या नाकावर डास बसला. तो त्याने हाकलला नाही.

"घरचं व्हायला... काय लागतं?"

"आधी कॉफी," ओनेर्वा त्याला न्याहाळत म्हणाली. "मग बाबांबरोबर सॉना. सगळं सोमवारच्या आत जमव."

त्याने जमवलं. शनिवारी बाबा सॉनातून लालबुंद होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "पोरगा गप्प छान बसतो." त्या घरात याहून मोठा आशीर्वाद कुणाला मिळाला नव्हता.

रविवारी संध्याकाळी ती त्याला खोडापलीकडे घेऊन गेली. तो शेवाळावर पालथा पडला, नाक फुलाशी नेलं. बराच वेळ उठलाच नाही.

"मेलास की काय?"

"व्हॅनिलाचा वास येतो," तो हळूच म्हणाला. मग उठून त्याने ओढ्यापर्यंतच्या सगळ्या झाडांना निळ्या फिती बांधल्या.

"एवढ्याशा फुलाला एवढं रान?"

"नेमकं कुठे ते कुणाला कळायला नको. घरची गोष्ट आहे."

ओनेर्वाचा चेहरा त्या फुलाच्या रंगाचा झाला.

"लग्न करशील?" त्याने विचारलं.

"हो. आता लगेच नको, खूप डास आहेत."

दोघं तळ्याकाठी आली, तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि लख्ख ऊन होतं. यालमारी तिच्याकडे झुकला, आणि समोरच्या घरांच्या प्रत्येक खिडकीत कॉफीचे कप ओठांपाशी थांबले.

सबब नगरपालिकेस विनंती की, जून महिन्यात सूर्य मावळत नसल्याने होणारी अडचण ध्यानी घेऊन, तो तळ्याच्या पश्चिमेस निदान अर्धा तास मावळता ठेवण्याची तजवीज व्हावी.