अर्धं नाई चालत

कामरगावच्या थांब्यावर विजयमाला बसमध्ये चढली, तर तिच्या शीटवर एक उंचापुरा तरुण खुशाल बसलेला.

"उठा. ही शीट मायी हाये."

"मायीबी..." त्यानं हसत तिकीट दाखवलं. त्याला कारंज्यात आणि तिला कामरगावात, एकच शीट दिलेली!

"दोघंजण एकाच वेळी एकच शीट इकतीन तर असंच होईन," ती वैतागली. "एकाचं काम पुरं होईस्तोवर दुसऱ्यानं थांबलं पाह्यजे. आमी मशीनले हेच शिकवून राह्यलो."

"कोणती मशीन?"

त्यानं उठून तिला जागा दिली आणि दांडा धरून थेट बडनेऱ्यापर्यंत ऐकत उभा राहिला.

अठ्ठ्याहत्तर साल होतं ते. धनजच्या बौद्ध वस्तीतल्या देवमनची ही पोरगी मुंबईच्या एका संस्थेत संगणकावर काम करत होती. तक्त्यांमध्ये मांडलेली माहिती बदलताना घोळ होऊ नये, हेच तिचं काम.

"पह्यले मशीनले सांगाचं— व्यवहार सुरू. मंग एकेक बदल कराचा. सगळे जमले, तर म्हणाचं— पक्कं! मधात एकबी बिघडला, तर सगळंच माघारी. जसं काई झालंच नाई."

"अन् अर्धं ठेवलं तर?"

"अर्धं मंजे खोटं."

"असं डोळ्यात पाहून नोका बोलू... भेव वाटते."

"वाटू द्या!"

खिडकीतून संत्र्याच्या बहराचा वास आत आला. ती बाहेर पाहू लागली, पण ओठांवरचं हसू काही लपलं नाही.

बसमधला तो तरुण, प्रेमसिंग, जवळच्या बंजारा तांड्यावरचा, शाळेत मास्तर. ती सुटीला आली की तो थांब्यावर हजर.

"काहून आले?"

"रस्ता अठूनच जाते..."

"तुमचा तांडा तर तिकडं हाये!"

"मंग चुकलो असंन."

असं वर्षभर चाललं. मग एका दुपारी तो हळूच म्हणाला, "माला, मुंबईत लगन करून टाकू. घरी मंग सांगू... सवडीनं."

तिचा चेहरा उतरला, आणि लगेच तापला.

"मंजे तिकडं बायको, अन् अठी कोणीच नाई? माह्या बापानं छप्पनले भर उजेडात धम्म घेतला, चोरून नाई. मी लगन चोरून करू? आज सांगा, सर. नाईतर आजच माघारी."

आणि ती तांड्याची वाट चालू लागली. तो मागोमाग धावला.

त्याची आई केशरबाई लिंबाखाली ओढणीवर आरशाच्या काचा टाचत बसली होती. "कोण व तू?"

"धनजच्या देवमनची पोरगी. बाकीचं तुमच्या पोराले इचारा."

आजूबाजूची माणसं जमली. वडीलधाऱ्यांपुढे प्रेमसिंग कधी बोललाच नव्हता.

"माय... मी हिच्यासंगच लगन करीन. सगळ्यायच्या समोर सांगून राह्यलो."

"तर या घरात पाय ठेवू नोको."

तो आईच्या पायांशी वाकला. तिनं पाय मागे घेतले. तो वळला आणि तांड्याबाहेर पडला.

विजयमालाचे डोळे भरून आले होते. "आता माह्या बापाकडं... तोबी ओरडन."

"ओरडू दे."

बाजार आटोपून माणसं समोरून येत होती. त्यानं तिचा हात धरला. लोक थांबले, वळून पाहू लागले. तिनं हात सोडवला नाही— उलट आणखी घट्ट धरला, आणि दोघं त्यांच्यामधूनच धनजकडे निघाले.