घसरणारा चष्मा आणि एक रसग्रहण

माझ्या आधीच्या काकांनी शेवटची ओळ मोठ्यांदा वाचली, आणि मी ती बाकावर बसल्याबसल्या पाठ करून टाकली. सवयच तशी. पाठांतराच्या जोरावर मी आजवर प्रत्येक परीक्षा मारून नेली होती, मग चष्म्याच्या नंबराचं ते काय!

“वाचा शेवटची ओळ,” खुर्चीमागून आवाज आला.

“प, ज, र, म, ट,” मी धडाधड म्हणून मोकळी झाले.

खुर्चीमागून तो पुढे आला. पांढरा कोट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि ओठांत दाबून धरलेलं हसू... धूसर होतं, पण दिसत होतं.

“काकांबरोबर तुमचेही ओठ हलत होते,” तो म्हणाला. “म्हणून तक्ता बदलला. आता तिथे चित्रं आहेत. बदक, छत्री, किल्ली. लहान मुलांसाठी असतात ना, ती.”

मेले! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

“तुम्हाला नीट दिसायला हवंय की वर्गात पहिलं यायचंय?” त्याने विचारलं.

“दोन्ही,” मी म्हणाले, आणि मग आम्ही दोघंही हसलो.

चार दिवसांनी त्याने चष्मा माझ्या कानांवर चढवला. पहिली स्पष्ट दिसलेली गोष्ट म्हणजे त्याच्या हनुवटीवरची, दाढी करताना झालेली बारीक जखम. माझी नजर तिथून हलेचना. शेवटी त्यालाच विचारावं लागलं, “बसतोय ना नीट?”

“घसरतोय,” मी म्हणाले. अजिबात घसरत नव्हता.

तिकडे कॉलेजात माझी वेगळीच पंचाईत झाली होती. कवितेच्या बाईंनी माझं रसग्रहण दोनदा परत केलं होतं. कविता शाळेपासून सगळ्यांना तोंडपाठ असलेली – ती होडीत बसून निघून जाते, तो काठावर उभा राहतो, हाक मारत नाही. बस्स, एवढीच. ‘मौन हेच प्रेमाचं सर्वोच्च रूप’ असं प्रत्येक गाईडमध्ये छापलंय. मीही तेच लिहिलं होतं, जरा सजवून.

“सगळं बरोबर आहे,” बाई म्हणाल्या, “पण यात तू कुठेच नाहीस. कवीला काय वाटलं ते मला ठाऊक आहे गं. तुला काय वाटलं? शनिवारी वर्गात वाचून दाखवायचंस.”

मला काय वाटलं! हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. घरीसुद्धा नाही. आई भाजी कोणती करू म्हणून विचारायची, तेव्हाही मी “तुला आवडेल ती” म्हणायचे.

चष्मा मात्र घसरतच राहिला. कधी नाकावरून, कधी कानावरून. दुकान त्याच्या आत्याचं. गल्ल्यामागे बसून आत्या सगळं बघायची.

“पोरीच्या नाकाचा दोष नाही रे,” एकदा ती पुतण्याला म्हणाली. “पायांचा आहे. आपोआप इकडेच वळतात.”

माझे कान तापले. त्याने मान खाली घालून चष्म्याची काडी उगाचच वाकवली.

त्या दिवशी मी त्याला कवितेचं दुखणं सांगितलं.

“मूर्ख आहे तो,” तो लगेच म्हणाला.

“कोण?”

“तो काठावरचा. मला शाळेत याच कवितेसाठी बाकावर उभं केलं होतं. त्याने हाक का मारली नाही, तर मी लिहिलं – त्याचा घसा बसला असेल.”

मी इतकी हसले की काचांवर वाफ धरली. त्याने माझ्या डोळ्यांवरचा चष्मा हलकेच काढला, मऊ फडक्याने पुसला, पुन्हा चढवला. बोटं कानाला निसटती लागली. मी काहीतरी बोलणार होते... काय, ते आठवत नाही.

तेवढ्यात आत्या म्हणाली, “घ्या पुसून घ्या. सोमवारपासून हा नाही. दुसऱ्या गावी डोळ्यांच्या दवाखान्यात लागलाय. मला मदत म्हणून महिनाभर आला होता.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखं.

“अरे वा,” मी म्हणाले. “अभिनंदन.”

आणि घरी आले. रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या. अभिनंदन काय, अभिनंदन! तो मला आवडत होता, आणि ते सांगायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून दुसऱ्याच कुणाचं तरी वाक्य बाहेर पडलं होतं. सोमवारी तो गेला असता आणि त्याला कधी कळलंही नसतं.

शनिवारी मी वर्गात उभी राहिले.

“मला या माणसाचा राग येतो,” मी वाचलं. “त्याचं मौन मला मोठं वाटत नाही, भित्रं वाटतं. ती होडीतून मागे वळून बघत असणार, असं मला वाटतं. मला त्याचा राग येतो, कारण मीही अगदी तशीच आहे.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“आता बोललीस,” त्या म्हणाल्या. “बस.”

पण मी बसले नाही. दप्तर उचललं आणि थेट दुकान गाठलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. काचांवर थेंब साचल्यामुळे मी दारातल्या पायपुसण्याला अडखळले.

“पुन्हा घसरला?” त्याने नेहमीसारखा हात पुढे केला.

“कधीच घसरला नव्हता,” मी म्हणाले. “मला तुम्ही आवडता. म्हणून येत होते.”

त्याच्या हातातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. आत्या उठली. “मी जरा आत जाऊन काचा बघते.”

“आत्या, काचा इथेच आहेत.”

“मग मी नुसतीच आत जाते.”

पडदा हलला. आम्ही दोघंच.

“मी... सोमवारी जाणार आहे,” तो म्हणाला.

“जा की. अडवायला नाही आले. सांगायला आले.”

“मी दर रविवारी येईन,” तो घाईघाईने म्हणाला. “म्हणजे, बस असते... म्हणजे, चालेल ना?”

“का येणार?”

“आत्याला भेटायला.”

“फक्त आत्याला?”

त्याचे कान लालबुंद झाले. “तुलाही,” तो पुटपुटला. तुम्हीचा तू कधी झाला, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

“मलाही का?” आज मी त्याला सोडणार नव्हते.

“कारण मला तू आवडतेस,” तो म्हणाला. इतक्या मोठ्यांदा, की दारात थबकलेलं गिऱ्हाईक आल्यापावली परत फिरलं.

पडद्यामागून आत्याचा आवाज आला, “सुटले बाई एकदाची!”