मधूचा वाटा

पियूष, त्या निखाऱ्यांवर अजून दोन लाकडं टाक आणि गाडीचे दिवे बंद कर. वाळवंटात येऊन दिवे कसले लावता? हं. आता मघाशी काय म्हणालास ते परत म्हण. सुट्टीवर गेलास की गावाहून रानडुकराचं सुकं मटण बॅगेतून आणणार आणि पुढच्या कॅम्पला आम्हाला खिलवणार. आर्याला हसू येतंय. हसून घे बाई. मला येत नाही, आणि का येत नाही ते सांगतो.

इथे ते आणताना सापडलास तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास, हे तुला मी सांगायला नको. त्याबद्दल मी बोलतच नाहीये. मी शिवराजबद्दल बोलतोय.

तुम्ही दोघं कतारला आलात त्याच्या आधीच तो इथून गेला. आमच्या कुडाळ तालुक्यातला. ते मागे प्लांटचे दिवे दिसतायत ना, तिथे मेसईदलाच इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. बायको सुचित्रा नाशिकची, अंडंसुद्धा न खाणारी. मुलगी ओवी, सहा वर्षांची. कंपनीच्या कॉलनीत राहायची तिघं. माणूस वाईट नव्हता, मनमिळाऊ होता, पण घायकुत्या. कुठेही जरा थांबायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

गेल्या वर्षी जानेवारीतली पौष अमावास्या, बुधवारची रात्र. ओवीला दुपारपासून ताप होता. सुचित्रा म्हणाली, "अहो, सिरप संपलंय. वक्र्याच्या मेडिकलमधून घेऊन येता का? येताना दूधही आणा." शिवराज गाडी काढून गेला, सिरप घेतलं, दूध घेतलं आणि परत निघाला. रस्ता रोजचाच. डावीकडे खारवट मोकळी जमीन आणि त्यापलीकडे समुद्र, उजवीकडे वाळू आणि विजेचे टॉवर. तेवढ्यात गावाहून थोरल्या भावाचा फोन आला.

"शिवा, मधू गावलो."

"खंय होतो?"

"व्हाळाच्या घळीत. मेलो रे मधू."

शिवराजने गाडी कडेला घेतली.

आता तुम्हाला आधीचा रविवार सांगायला हवा, नाहीतर काही कळणार नाही. शिवराज तेव्हा सुट्टीवर गावात होता. डुकरांनी वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, शेतं पार उकरून टाकली होती, म्हणून गाव शिकारीला रानात शिरलं. परवानगी होती की नव्हती ते मला विचारू नका. आर्या, तुला हाकारा म्हणजे काय ठाऊक नसेल. बंदूकवाले एका बाजूला दबा धरून बसतात. बाकीची माणसं दुसऱ्या बाजूने ओळ धरून, डबे बडवत, आरोळ्या ठोकत रान झोडत येतात. जनावर बिथरून पुढे पळतं आणि बंदुकीसमोर येतं. तो हाकारा.

शिकार पडली की तिथेच कापायची आणि वाटे घालायचे. बार टाकणाऱ्याला मुंडी, एक वाटा रानाचा, एक कुत्र्यांचा आणि हाकाऱ्यातल्या प्रत्येकाला एक. सगळे सारखे. रतीभर कमी नाही, जास्त नाही. आणि आमच्याकडे एक नियम होता, तो माझ्या आजोबांनी कधी मोडला नाही. सगळी माणसं गोळा झाल्याशिवाय कोणी आपला वाटा उचलायचा नाही. एक माणूस कमी असेल तर मटण तसंच ठेवायचं आणि आधी त्याला शोधायला जायचं. का, ते सांगायला पाहिजे का? जखमी डुक्कर माणसाला फाडतं, आणि ताजं मटण समोर असलं की उरलेली माणसं त्याला विसरतात. म्हणून तो नियम.

त्या रविवारी मधू कमी होता. शिवराजचा शाळेपासूनचा जोडीदार, घरी फक्त म्हातारी आई. कोणीतरी म्हणालं, थांबूया, बघून येऊया. पण शिवराजचं त्याच रात्री गोव्याहून विमान होतं. तो म्हणाला, "मधू घराक गेलो आसतलो. जरा घेतलेली होती त्येना. उचला वाटे." गल्फवाल्याचं गावात ऐकतात, तुम्हालाही अनुभव असेल. वाटे उचलले. शिवराजने स्वतःचा वाटा वहिनीला घरात दिला आणि मधूचा आपल्याबरोबर न्यायला घेतला. म्हणाला, मधूला उद्या आमच्यातलं द्या, तो काय पळून जातोय? वहिनीने मीठ, मिरची, आमसुलं घालून तो वाटा कोरडा परतून डब्यात गच्च भरून दिला. बॅग इथे कोणी उघडली नाही. सोमवारी सकाळी तो डबा मेसईदमध्ये.

मधूच्या आईला वाटलं, लेक बहिणीकडे गेला असेल. बुधवारी कुत्र्यांनी त्याला शोधला. डुकराने फाडलेला होता. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत जीव होता. आणि जिथे वाटे घातले होते ना, त्या दिशेला कोपरांवर सरपटत आल्याच्या खुणा होत्या मातीत. फार लांब नव्हता रे. आपल्यापासून तो विजेचा टॉवर आहे, तेवढाच लांब. यांचं हसणंबोलणं त्याला ऐकू येत असणार.

मला राग येतो अजून. असो.

भाऊ फोनवर म्हणाला, "शिवा, तेची आवस सगळ्यांका इचारता, माझ्या झिलाचो वाटो कोणी खाल्ल्यान?"

शिवराजने फोन ठेवला. डबा संपला होता. सुचित्राने तवासुद्धा स्वयंपाकघरात घेऊ दिला नव्हता, म्हणून बाल्कनीत शेगडी लावून तो एकटाच गरम करून खात होता. आदल्या रात्री शेवटचं ताट. आणि त्या ताटातून ओवीने एक तुकडा उचलला होता. "व्हॉट इज इट, बाबा?" "मटण गं." चावून चावून गिळला आणि नाक मुरडून गेली झोपायला. एकच तुकडा.

शिवराजला त्या क्षणी तो तुकडा आठवला. तिचा ताप आठवला. त्याने गाडी सुरू करायला हात पुढे केला...

आणि त्याला डबा वाजल्याचा आवाज आला.

लांबून. समुद्राच्या बाजूने. पत्र्याचा डबा, काठीने बडवलेला. मग दुसरा, उजवीकडे, वाळूच्या बाजूने. मग मधे. मग खूप. त्यात माणसाची आरोळी, लांबलचक, हेऽऽ होऽऽ अशी. कोकणातल्या माणसाला तो आवाज झोपेतही कळतो. हाकारा होता.

इथे. कतारमध्ये. जिथे रान नाही, झाड नाही, डुक्कर नाही.

आरशात बघितलं, मागे रिकामा रस्ता. आवाज मात्र जवळ येत होता. ओळ धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिवराजला वाटलं, आपल्याला हाकतायत. तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. आवाज गाडीपर्यंत आला. काच हलली. दोन्ही बाजूंनी डबे वाजले, अगदी कानाशी...

आणि पुढे गेले.

त्याला सोडून पुढे. मेसईदच्या दिशेने. कॉलनीच्या दिशेने.

पियूष, तेव्हा त्याला कळलं कोणाला हाकतायत ते.

त्याने गाडी कशी मारली ते त्यालाही सांगता येत नव्हतं. हाकारा मागे टाकला. कॉलनीच्या अलीकडे मोकळी जागा आहे, तिथे रस्ता सोडून गाडी वाळूत घातली, दिवे मागे वळवून उभी केली आणि उतरला. त्याच्या पाठीशी कॉलनी. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या घराचा दिवा. समोर अंधार आणि ते डबे.

तो हात पसरून उभा राहिला. हाकाऱ्यासमोर माणूस कधी उभा राहत नाही. समोर असतं ते जनावरच.

आवाज आला. आला. अगदी समोर आला.

थांबला.

काही नाही. वारा नाही. मागच्या रस्त्यावरच्या गाड्या नाहीत. ओल्या मातीचा वास. पाऊस नसताना. मग डुकराचा वास. मग रक्ताचा.

दिव्यांच्या उजेडात कोणी नव्हतं. पण वाळू हलत होती. जमिनीलगत. कोणीतरी कोपरांवर येत असल्यासारखी. थोडं पुढे... थांबायची. थोडं पुढे... थांबायची.

त्याच्या पायांपाशी येऊन थांबली.

"शिवा... माझो वाटो खंय रे?"

शिवराजने मान वळवून घराच्या दिव्याकडे बघितलं. मधूने परत विचारलं,

"खंय?"

"माझ्यात आसा," तो म्हणाला. "माझ्याकडसून घे. मधू, माका माफ कर. माझ्याकडसून घे."



"आणि कोणी खाल्ल्यान?"

...

बघा, इथे मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. बाप होता तो. खिडकीत दिवा दिसत होता.

"कोणी नाय," शिवराज म्हणाला. "सगळो मीच खाल्लंय."

...

"सगळो?"

"सगळो. तुझी शपथ."

मग त्याच्या मांडीवर हात पडला. गार. त्याने डोळे मिटले. दुखलं नाही, असं तो म्हणायचा. फक्त आतून काहीतरी ओढून घेतल्यासारखं वाटलं आणि पाय हलका झाला. डोळे उघडले तेव्हा रस्त्यावरून नेहमीसारखे ट्रक चालले होते.

घरी आला तर ओवी घामाने भिजून शांत झोपलेली. सुचित्रा म्हणाली, "एवढा वेळ? आत्ताच उतरला बघा ताप, सिरपसुद्धा लागलं नाही." शिवराज पलंगाशी बसून पोरीचा हात धरून रडला. तिला वाटलं, तापाच्या काळजीने.

सकाळी तो लंगडत माझ्या घरी अल हिलालला आला आणि हे सगळं सांगून पँट वर केली. उजव्या मांडीत वाटीएवढा खळगा होता. जखम नाही, टाका नाही, कातडी जशीच्या तशी. नंतर डॉक्टरने विचारलं, कुठल्या अपघातात गेलं हे मांस? हा काय सांगणार? पण चेहरा उजळलेला होता त्याचा. मला म्हणाला, "गोविंदराव, फिटलं. पोर वाचली माझी." मीसुद्धा म्हटलं, चल, सुटलास. चहा घेतला आम्ही.

चहा घेताना मला आजोबांची वाटे घालायची पद्धत आठवत होती. सगळे सारखे. एखाद्यात तुकडा कमी वाटला तर ते हाताने जोखायचे आणि दुसऱ्यातून उचलून भर घालायचे. मी शिवराजला बोललो नाही. कशाला बोलायचं?

शनिवारी दुपारी सुचित्राचा फोन आला. शिवराजने काही सांगितलं नव्हतं तिला, त्यामुळे ती घाबरलेली नव्हती, नुसती गोंधळलेली होती. म्हणाली, "काका, तुम्ही जरा येऊन बघता का? हे नुसते भिंतीकडे बघत बसलेत, बोलतच नाहीत." मी गेलो. ओवी गालिच्यावर रंगवत बसली होती, ताप नाही, काही नाही, हसतखेळत. सुचित्राने तिचा मोजा खाली केला आणि पोटरी माझ्याकडे वळवली.

कातडी शाबूत होती. डाग नव्हता, ओरखडा नव्हता. मधोमध एक खड्डा होता. मी अंगठा ठेवून बघितला, अंगठ्याचं टोक बरोबर आत बसलं. पोर वर बघून म्हणाली, "इट डझन्ट हर्ट, आजोबा," आणि परत रंगवायला लागली.