राहून गेलेली पाठवणी

"तिथं नको बसू!"

आवाज इतका अवचित आला की मंजुळाच्या हातातल्या परातीतले तांदूळ ओटीवर सांडले. भर दुपार होती. कळव्याच्या त्या आगरी आळीत कुत्रीसुद्धा या वेळी भुंकायचा आळस करत. पाठीत उसण भरली म्हणून ती बिचारी क्षणभर झोपाळ्याला टेकायला गेली, एवढाच काय तो तिचा अपराध! झोपाळ्याच्या डाव्या टोकाला सासूबाई, आवडाबाई, बसल्या होत्या. उजवी बाजू सबंध रिकामी होती...

मंजुळानं परात बाजूला ठेवली. खाली बसून तांदूळ गोळा करू लागली. त्या दिवसातलं सासूचं सुनेशी ते पहिलं वाक्य होतं, आणि बहुधा शेवटचंही असणार होतं. सात वर्षं हेच चाललं होतं. बायका म्हणतात, सासू बोलत नाही हे तर भाग्यच! पण ज्या माऊलीनं आपल्याला मांडीशी बसवून गाणं शिकवलं, तिचं मौन कसं सोसायचं ते त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

तांदूळ वेचता वेचता तिची नजर वर गेली, आणि रोजच्यासारखीच चटकन खाली आली. आवडाबाई अंगानं चांगल्या भारदस्त. अशी बाई फळीच्या एका टोकाला बसली की झोपाळा त्या बाजूला कलायला हवा की नको? पण तो कलत नसे. दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्याच ताणलेल्या असत, जणू दुसऱ्या टोकालाही कुणी तेवढ्याच वजनाचं...

मंजुळानं पदर तोंडाशी धरला आणि परात घेऊन आत गेली.

आवडाबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवले गाणारी धवलारीण उशिरा आली तर सगळा मांडव खोळंबतो. आवडाबाईंकडे त्यांच्या सासूकडून आलेला एक धवला होता, तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता. हातात सूप, सुपात तांदूळ नि दिवा घेऊन त्या लग्नघरातल्या वारलेल्या माणसांना नावानिशी लग्नाला बोलवायच्या. 'या गो या, मांडवाशी या... वाट इसरली, तर दिवा बघून या!' आणि हळद लागली, जेवणं झाली, की त्याच माणसांना नावानिशी परत पाठवायच्या. त्याला त्या पाठवणी म्हणत. मंजुळाला शिकवताना त्यांनी एकच अट घातली होती.

"बोलावशील त्याला पाठवायचं, पोरी. बोलावनारीनंच पाठवायचं. जेवलेला पावना दाराशी उभा ठेवू नये, त्यात हा पावना तर नायच नाय!"

आणि मंजुळानं नेमकं तेच केलं होतं...

तिचा नवरा चंदू वागळे इस्टेटीत एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता, पण जीव सगळा लाल इलेक्ट्रिक गिटारमध्ये. विटाव्याच्या एका बँडवाल्याकडून आणलेली ती जुनी गिटार त्यानं स्वतः तारा लावून जिवंत केली होती. तो वाजवायचा, ती गायची, काळुराम ढोलकीवर. हळदीच्या गाण्यांना अशी इंग्रजी फोडणी आधी कुणी दिली नव्हती. म्हातारे नाकं मुरडत आणि मग पाय हलवत. स्टेजवर एक गंमत असे. गाणं कधी थांबवायचं ते चंदूला कधीच कळायचं नाही; तो मंजुळाकडे बघायचा, ती हनुवटीनं जरासं खाली दाखवायची, आणि त्याचा हात तारांवर आडवा पडायचा. त्या एका खुणेत त्यांचा सगळा संसार होता म्हणा ना!

सत्याऐंशी साली नौपाड्यातल्या एका रेकॉर्डिंगच्या खोलीत त्यांची कॅसेट झाली. पहिल्या बाजूला अखेरीस धवला, दुसऱ्या बाजूला नाचाची आठ गाणी. धवल्याच्या मध्यात चंदूनं गिटारचा एक असा तुकडा बसवला होता की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पण काचेपलीकडचा माणूस म्हणाला, बाजू भरली. एक तर हा तुकडा जाईल, नाहीतर शेवटची ती पाठवणी.

"पाठवणी काढू या," चंदू म्हणाला.

"अहो, आईंनी सांगितलंय..."

"मंजू, कॅसेट काय मांडव आहे? लोकांना नाचायचंय गं. आयुष्यात एक चीज केलीय मी... एकच!"

त्याच्या डोळ्यांत लहान मुलासारखी आर्जवं होती. आणि मंजुळा विरघळली. प्रेमात माणूस देवाचं ऐकत नाही, तिथं सासूचं काय!

कॅसेट चालली. कळवा, दिवा, डोंबिवली, पार कल्याणच्या खाडीपर्यंतच्या गावांत, जिथं हळद तिथं 'चंदू-मंजुळा'. आणि हळूहळू कानावर गोष्टी येऊ लागल्या. अमक्याच्या हळदीत पंगतीला पानं कमी पडली, मोजून मांडलेली असताना. तमक्याकडे पाण्याची पिंपं कुणी न पिता रिती झाली. दिव्याजवळच्या एका मांडवात नवरीनं विचारलं, त्या कोपऱ्यातल्या ओल्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या कुणाच्या? कोपऱ्यात कुणी नव्हतं.

मग एका दुपारी त्यांच्याच ओटीवरचा झोपाळा हलायला लागला. वारा नव्हता. जमिनीवर दारापासून झोपाळ्यापर्यंत ओली पावलं उमटली होती, आणि ती वाळली तशी त्यांच्या जागी पांढरं मीठ राहिलं... चंदूचे वडील धाकू मिठागरावर कामाला होते. चंदू अकरा वर्षांचा असताना बांध फुटला, त्यात गेले. रेकॉर्डिंगला धवल्यात मंजुळानं पहिलं नाव त्यांचंच घेतलं होतं, मोठ्या मायेनं!

त्या संध्याकाळी आवडाबाईंनी दोघांना देवापुढं उभं केलं होतं.

"पाठवनी कुनी कापली?"

चंदूचा चेहरा पांढरा पडला. आईपुढं तो आयुष्यभर अकरा वर्षांचाच राहिला होता. मंजुळा पुढं झाली.

"मी, आई. माझा घसा बसला होता. मीच म्हटलं, राहू दे."

आवडाबाईंनी तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मग तिचा हात दिव्यावर धरला. "आजपासून माज्या धवल्याला तोंड लावायचं नाय. बोलवायला नाय, पाठवायला नाय. चंदूची आन हाय तुला!"

कितीदा तिच्या ओठांशी आलं होतं, आई, मला एकदा पाठवू तरी द्या! पण नवऱ्याची शपथ... ती शपथ छातीवर शिळेसारखी घेऊन तिनं सात वर्षं काढली. चंदू एकदाही म्हणाला नाही की कात्री माझी होती. प्रथम भीतीपोटी, मग लाजेपोटी, आणि पुढं पुढं तर त्याला तिचं बोलणं ऐकूच येईनासं झालं.

होय, त्याचंच आता काही खरं नव्हतं. त्याच्या डाव्या हाताची बोटं बर्फासारखी गार पडत. वाजवताना तो कुणा दुसऱ्याचंच ऐके. गेल्या आठवड्यात डोंबिवलीच्या मैदानावर कार्यक्रम होता. हवेत एमआयडीसीचा तो आंबट वास, समोर गच्च माणसं, फक्त मागच्या चार रांगा का कोण जाणे रिकाम्या. गाणं संपत आलं. मंजुळानं हनुवटीनं खूण केली. चंदूनं बघितलंच नाही! तो मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होता, आणि कुणी फर्माईश करावी नि आपण मान तुकवावी तशी मान तुकवत होता. पुन्हा सुरुवात... पुन्हा... बोटांतून रक्त आलं तरी पुन्हा! काळुरामनं ढोलकीवरचा हात उचलला तरी गिटार तालातच चालू होती. शेवटी त्यानं वायर उपटली.

"वैनी," काळुराम घाम पुसत म्हणाला, "दादा कोनाच्या तालावर वाजवत व्हता? माज्या तर नाय."

तेव्हापासून चार दिवस चंदूच्या पोटात अन्न नव्हतं. तो झोपाळ्यासमोर जमिनीवर बसून राही, मांडीवर वायर नसलेली गिटार. त्या दुपारीही तांदूळ निवडून मंजुळा पेज घेऊन आली, तर तो हसून म्हणाला, "नंतर, मंजू. बाबा म्हणतात अजून एक. मग म्हणतात, माझ्याबरोबर चल, तिकडं सगळे तुझं ऐकायला बसलेत."

मंजुळानं वाटी खाली ठेवली. शपथ मोडली तर नवरा जाणार, पाळली तरी जाणार! मग गप्प बसून तरी का जाऊ द्यायचा? ती तडक आतल्या खोलीत गेली. धवल्याचं सूप आवडाबाईंच्या ट्रंकेत असे. सात वर्षांत तिनं त्या ट्रंकेला हात लावला नव्हता. झाकण उघडलं. लुगडी, सूप, दिवा... आणि तळाशी एका जुन्या पुरुषी सदऱ्यात गुंडाळलेली चिनी मातीची बरणी. जड होती. तिनं झाकण काढलं.

काठोकाठ मीठ! जाडं, करडं, खाडीचा वास असलेलं. सात वर्षं रोज दुपारी आवडाबाई ओटी झाडत, सुनेला झाडू लावू देत नसत...

मंजुळाला सगळं एकदम कळलं: सासूबाईंनी सासऱ्यांच्या पावलांचं मीठ जपून ठेवलं होतं.

एका हातात दिव्यासकट सूप, दुसऱ्या काखेत बरणी घेऊन ती ओटीवर आली. आवडाबाईंनी बरणी बघितली. त्यांचा चेहरा असा झाला की मंजुळा भांडायला आणलेले सगळे शब्द विसरली.

"आई... तुम्ही मला शिक्षा नव्हती केली?"

जमिनीवरून चंदूचा आवाज आला, फार लांबून आल्यासारखा. "आई, पाठवणी मी कापली. मंजूनं माझं पाप पांघरलं..."

"मना ठाव व्हता रं," आवडाबाई म्हणाल्या. "घसा बसलेली बाय दुसऱ्या बाजूला आठ गानी कशी गाईल? कॅसेट मीबी आयकली हाय. हिचं खोटं मना सोयीचं व्हता, म्हनून खरं मानला." त्यांनी शेजारच्या रिकाम्या फळीवरून हात फिरवला, इतक्या हळुवारपणे की मंजुळानं नजर वळवली. "बत्तिसाव्या वर्षी जेला हा मानूस. निरोपबी घेतला नाय. आनि एक दिस बगते तं बाजूला येऊन बसलाय, अंगाला मिठाचा वास... मंजू, मी तुज्यावर रागावले नव्हते गो! मना भ्या वाटायचा. तुज्याशी बोलले, तुज्यावर माया आली, तर आन सोडवीन. आनि तू पाठवशील त्याला."

"आई, तुमचा मुलगा चाललाय!" मंजुळा आक्रंदली. "एकाला धरून ठेवलंत, तो दुसऱ्याला नेतोय..."

आवडाबाईंनी मुलाकडे बघितलं. त्याची डावी बोटं निळसर झाली होती, नखांच्या कडांना पांढरे कण साचले होते. आई जागी व्हायला तेवढं पुरलं. त्या झोपाळ्यावरून उठल्या. झोपाळा हलला, पण रिकाम्या बाजूला झुकून तिरका राहिला. आता ते लपवण्यात काही अर्थ नव्हता.

"आन सोडली," त्या म्हणाल्या. "दिवा लाव."

भर दुपारच्या उन्हात दिव्याची ज्योत दिसतही नव्हती. मंजुळानं सूप हातात घेतलं. सात वर्षं न उच्चारलेले शब्द ओठांवर येताना भाजले.

"जेवला खावला, आता घराशी जा... आलेल्या वाटंनं, दिवा बघून जा..."

ओटीवर गारवा पसरला. दारातून, खिडकीतून ओलसर हवा आत शिरली, दाटीवाटी झाल्यासारखी. जणू सात वर्षं मांडवामांडवांतून ताटकळलेले सगळे पाहुणे आपलं नाव ऐकायला आले होते. कॅसेटवर बोलावलेलं एकेक नाव ती घेत गेली, ठमाबाई, दामाजी, गोविंदा, आणि प्रत्येक नावासरशी ओली पावलं ओटीवरून उंबऱ्याबाहेर उमटत गेली. दुसऱ्या ओळीला तिच्या आवाजाखाली तारा वाजू लागल्या. चंदू वाजवत होता! तोच तुकडा, ज्याच्यासाठी हे सगळं झालं. तो इथं, पाठवणीखालीच शोभत होता, आणि आजवर ते कुणाला कळलं नव्हतं.

शेवटचं नाव उरलं. मंजुळा सासूकडे बघू लागली. एकटीनं ते तिच्यानं होईना.

तेव्हा आवडाबाईंनी सुपाला हात लावला आणि सुनेच्या आवाजात आवाज मिसळला. त्यांचा चिरका, म्हातारा, सात वर्षं गंजलेला आवाज... "धाकू बाबा, हात सोडा... माजा लेक माजे पाशी सोडा... मागं बगू नका... मीबी बगत नाय..."

आणि त्यांनी खरोखरच डोळे मिटून घेतले.

चंदूनं मान वर केली. त्यानं मंजुळाकडे बघितलं. मंजुळानं, डोळ्यांतून धारा वाहत असताना, हनुवटीनं जरासं खाली दाखवलं, आणि चंदूचा हात तारांवर आडवा पडला.

झोपाळ्याची कडी एकदा करकरली. मग सगळं शांत झालं. कुठंतरी आळीत कुत्रं भुंकलं.

"मंजू," चंदू कोरड्या ओठांनी म्हणाला, "पेज आहे का गं? फार भूक लागलीय." आणि तिच्या पायांशी डोकं टेकून तो ढसाढसा रडला. रडता रडता जे सात वर्षांचं बोलायचं राहिलं होतं ते सगळं बोलला. ते तिच्याजवळच राहू दे.

ऊन कलल्यावर आवडाबाई एकट्याच बरणी घेऊन खाडीवर गेल्या. परतल्या तेव्हा बरणी रिकामी होती, आणि धुऊन आणलेली. ही ताकाला घे, म्हणाल्या.

मग सवयीनं झोपाळ्याच्या डाव्या टोकाला बसल्या... आणि झोपाळा कलला! इतका की फळीच्या कडेला धरून त्यांना तोल सावरावा लागला. तशाच त्या तिरक्या फळीवर किती तरी वेळ बसून राहिल्या. मंजुळा दारातून बघत होती. त्या बाईनं एकच नवरा दोनदा गमावला होता, आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या तोंडानं निरोप देऊन!

"मंजू गो," आवडाबाई मागं न बघता म्हणाल्या, "उभी का रायलीस? पाठ दुखतेय ना तुजी? बस."

मंजुळा भीत भीत उजव्या टोकाला टेकली. कड्या करकरल्या, फळी हळूहळू वर आली, आणि दोघींच्या वजनानं झोपाळा सरळ झाला.